होकायंत्राचं बिऱ्हाड

सकाळी ६:४५

तासगावबाहेरच्या माळावर फेब्रुवारीचा गारठा अजून जमिनीला चिकटून होता. वारा पडलेला. ड्रोन तपासायला याहून चांगली वेळ नाही. पुरुषभर उंचीवर नेला, ‘लॉयटर’ला टाकला आणि रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडून दिल्या. लॉयटर म्हणजे ‘आहेस तिथंच थांब’. पाच-सहा सेकंद थांबला. मग डावीकडं सरकला, सावरायला म्हणून भलतीकडंच गेला, तिथून वळला आणि गोल फिरायला लागला. आधी हातभराचा घेर, मग चार हातांचा, मग बाभळीच्या दिशेनं.

“मामा, खाली घ्या! परत घाण्याला जुंपला!”

भाचा सांगलीत डिप्लोमा करतो आणि सुट्टीला माझ्याकडं असतो. या फिरण्याला घाणा हे नाव त्यानंच दिलं. मोड बदलून मी हातानं ड्रोन खाली घेतला. गेल्या पंधरा दिवसांतली ही चौथी वेळ.

यात गंमत अशी, की जीपीएस फक्त ‘तू कुठं आहेस’ एवढंच सांगतो. जागेवर थांबलेल्या ड्रोनचं तोंड कुठं आहे, हे त्याला कळत नाही. ते सांगायचं काम होकायंत्राचं, आमच्या भाषेत कंपासचं. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला आपण सांगायचं, ‘दोन पावलं उत्तरेला सरक’, आणि त्याच्या डोक्यातली उत्तर ईशान्येला असायची, असा प्रकार. तो इमानदारीत दोन पावलं टाकतो आणि जागा आणखी चुकते. पुन्हा सांगा, पुन्हा चुकेल. अशा चुका जोडत गेलं की घेर तयार होतो.

निघण्याआधी एक मोजमाप करून घेतलं. पंखे उलटे करून एक-एक घर पुढं सरकवले, म्हणजे हवा वर फेकली जाते आणि ड्रोन जमिनीला दाबून बसतो. वर लाकडी फळीला बांधला आणि लॅपटॉप जोडून थ्रॉटल हळूहळू वाढवला. करंट वाढला की कंपास किती बिघडतो, ते ड्रोनमधलं सॉफ्टवेअर, आर्डूपायलट, या चाचणीत टक्क्यांत सांगतं. ३० च्या आत असेल तर ठीक, ६० पर्यंत संशयास्पद, त्यावर असेल तर कंपास दुसरीकडं हलवा. आमचा आकडा आला ७१.

सकाळी ८:००

घरी चहा आणि लॉग. ड्रोनच्या मेंदूत, म्हणजे पिक्सहॉकच्या डबीत, एक मेमरी कार्ड असतं. त्यावर उड्डाणातला क्षण न् क्षण उतरलेला असतो. मी दोन रेघा एकमेकींवर टाकल्या, एक थ्रॉटलची आणि एक कंपासला जाणवलेल्या चुंबकीय जोराची. आपल्या भागात पृथ्वीचा जोर चारशे मिलीगॉसच्या थोडा वर असतो. जमिनीवर पंखे बंद असताना रेघ ४१० वर सपाट होती. पंखे फिरले तशी चढत गेली आणि भर जोरात ६४० ला टेकली. थ्रॉटल उतरला की तीही उतरायची. दोन्ही रेघा जावा-जावांसारख्या एकमेकींच्या मागं.

पृथ्वी काही माझ्या थ्रॉटलकडं बघून जोर वाढवत नाही. म्हणजे कंपास दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होता.

“अहो, रविवारी तरी पोहे गरम खा,” आतून आवाज आला. रविवार खरा, पण बागायतदाराच्या मोटरीला रविवार नसतो. या दिवसांत दुकान उघडंच असतं.

सकाळी ९:३०

माझं दुकान मोटर रिवायंडिंगचं. दारात स्टेटरचे सांगाडे, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वार्निशचा वास. कोपऱ्यातल्या लोखंडी बाकावर ड्रोनला वीतभर जागा. शेजारी काल आलेलं कुरिअरचं खोकं.

खोक्यात नवा जीपीएस. यू-ब्लॉक्सच्या एम १० चिपचा, आत कंपास बसवलेला. झाकण उघडून भाच्याला दाखवलं. मधोमध पिवळसर सिरॅमिकची चौकोनी फरशी, आपल्या अंगठ्याच्या पेरापेक्षा किंचित मोठी, आणि तिच्या मध्याच्या थोडं बाजूला चांदीचा ठिपका. हा अँटेना. वीस हजार किलोमीटरवरून आलेला, वाटेत विरत विरत नावापुरता उरलेला संदेश ही फरशी झेलते. म्हणून तिचं तोंड कायम आभाळाकडं हवं आणि वर कुठल्याही धातूची सावली नको. फरशीच्या मागं एक बारकी बॅटरी असते. उपग्रह कुठं असतील याचा अंदाज ती जपून ठेवते, म्हणून दुसऱ्यांदा चालू केल्यावर जागा पटकन सापडते. आणि एका कडेला, तांदळाच्या दाण्याहून लहान, काळा चौकोन. तो कंपास.

जुना एम ८ होता. तो एका वेळी तीन देशांच्या उपग्रहमाळा ऐकतो. एम १० चार ऐकतो: अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू. त्यावर दुरुस्तीची माहिती देणारी आपली ‘गगन’ आहेच, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभी केलेली. माळा जास्त म्हणजे डोक्यावर एका वेळी दिसणारे उपग्रह जास्त, आणि ते सगळ्या दिशांना पसरलेले. एकाच कोपऱ्यातले दहा साक्षीदार सारखंच सांगतात. चार कोपऱ्यांतले चार असतील तर नेमकी जागा कळते.

“मग हा लावला की झालं,” भाचा म्हणाला.

मलाही तसंच वाटत होतं. अडीच हजार रुपये त्याच भरवशावर गेले होते.

सकाळी १०:४५

“मिस्त्री, मोटर जळाली ओ. बागंला पाणी न्हाई दोन दिस.”

विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर. द्राक्षाच्या मण्यात पाणी भरायचे दिवस, माणूस काकुळतीला आलेला. मागचं झाकण काढलं आणि लगेच कळलं. तीन फेजांपैकी दोन फेजांची कॉइल कोळशासारखी काळी, तिसरी नव्यासारखी लखलखीत. एक फेज गेला आणि उरलेल्या दोघींनी तिघींचा भार ओढला.

“मोटरीचा दोष नाही, दादा. एक फेज गेला होता. प्रिव्हेंटर बसवा, नाहीतर ही भरून दिली तरी परत जळंल.”

जॉब-वहीत ओळ लिहिली. गिऱ्हाईक, दोष, काम, रक्कम असे चार रकाने. दोषाच्या रकान्यात लिहिलं ‘सिंगल फेज’. वीस वर्षांत या रकान्यात ‘मोटर वाईट’ असं मी क्वचितच लिहिलं असेल.

फळीवर माझा जुना सुईचा कंपास असतो. स्टेटर भरून झाला की कॉइलीत थोडा डीसी सोडायचा आणि सुई आतून गोल फिरवायची. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण अशी सुई उलटत गेली म्हणजे पोल बरोबर पडले. वीज वाहणारी तार सुईला हलवते, हे कोपनहेगनमध्ये हान्स क्रिश्चन ओर्स्टेडला १८२० मध्ये दिसलं. आम्ही त्यावर रोज पोट भरतो.

सुईकडं बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ती ड्रोनच्या वरच्या पत्र्यावर, जुना जीपीएस चिकटवला होता तिथंच ठेवली आणि भाच्याला बॅटरी लावून, पंखे काढून, मोटरी फिरवायला सांगितलं. सुई थरथरली आणि थोडी सरकली. पंख्यांविना करंट अगदी थोडा असतो. तेवढ्यानंही सरकली.

गेल्या पावसाळ्यात ड्रोन पडला तेव्हा जीपीएसचा दांडा मोडला होता. मी जीपीएस तात्पुरता म्हणून दुहेरी टेपनं वरच्या पत्र्यावर चिकटवला, बॅटरीच्या जाड तारांना खेटून. आमच्याकडं तात्पुरतं म्हणजे पुढचं मोडेपर्यंत.

पाटीवर हिशोब केला. ड्रोन तरंगताना वीस अँपिअरच्या आसपास ओढतो. वीस अँपिअरच्या एकट्या तारेपासून दोन सेंटिमीटरवर चुंबकीय जोर दोनशे मायक्रोटेस्ला. पृथ्वीचा इथला जोर या मापात एक्केचाळीस-बेचाळीस. कंपासच्या कानाशी पृथ्वीच्या पाचपट आवाजात कुणीतरी ओरडत होतं. जाणारी आणि येणारी तार शेजारी असते म्हणून त्यातला बराच आवाज आपोआप कटतो, पण सगळा नाही. अंतर पंधरा सेंटिमीटर केलं तर एकट्या तारेचाही जोर सत्ताविसावर येतो, आणि दोन तारांना पीळ दिला तर उरतो तो जवळजवळ नगण्य.

दुपारी १:१५

जेवताना भाच्याला अलिबागची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी सहलीला गेलो होतो, तेव्हापासून ती माझ्या डोक्यात आहे.

मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं मोठं चुंबकीय वादळ त्या उपकरणांनी टिपलं. आजही जगभरचे लोक त्या नोंदी उघडून बघतात. पुढं मुंबईनं ठरवलं, की घोड्यांच्या ट्राम बंद करून विजेच्या आणायच्या. ट्रामच्या रुळांतून आणि तारांतून करंट वाहणार, आणि कुलाब्याच्या उपकरणांना पृथ्वीऐवजी ट्राम ऐकू येणार. वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस. ट्राम अडवणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी उपकरणांचं बिऱ्हाडच हलवलं. खाडीपलीकडं अलिबागला १९०४ मध्ये नवी वेधशाळा उभी राहिली. भिंतींना पोरबंदरचा दगड, जोडकामाला तांबं-पितळ, लोखंडाचा खिळा नको. आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडं एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या आणि नव्याचा मेळ बसवला, आणि १९०६ मध्ये कुलाब्याचं काम थांबवलं. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

“म्हणजे आपल्याला अलिबाग बांधायचंय,” भाचा भाकरी मोडत म्हणाला.

“सहा इंचाचं.”

दुपारी २:३०

हार्डवेअरच्या दुकानातून चाळीस रुपयांची ॲल्युमिनियमची नळी आणली. पंधरा सेंटिमीटर कापली, खाली चकती, वर चकती. जुन्या दांड्याचे स्क्रू हाताशी होते. लावायच्या आधी लोहचुंबक जवळ नेलं. टक्कन चिकटले. ते टाकले आणि एका जळक्या पॅनेलमधून पितळी काढले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोकही चुंबकाचं, तो लांब ठेवून साध्यानं आवळले.

मग वायरिंग. पिक्सहॉकला जीपीएससाठी सहा पिनांचा सॉकेट आणि कंपाससाठी वेगळा चार पिनांचा. नव्या जीपीएसला एकच प्लग, आणि पिनांचा क्रम वेगळा. इथं घाई केली की पाच व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात आणि अडीच हजारांचा धूर होतो. म्हणून प्लग कापला, तारा सोलल्या आणि मल्टीमीटरनं एकेक वाजवून बघितली. पाच व्होल्ट, ग्राउंड. जीपीएसचं बोलणं मेंदूच्या ऐकण्याला, मेंदूचं बोलणं जीपीएसच्या ऐकण्याला, अशी तिढ्याची जोडणी. सरळ जोडलं की दोघं बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. कंपासच्या दोन तारा, घड्याळाची आणि माहितीची, चार पिनांच्या प्लगला. प्रत्येक सांध्यावर टाक्याएवढं कथील, वर श्रिंक ट्यूब, लायटरची आच.

शेवटी बॅटरीच्या तांबड्या-काळ्या तारांना पीळ दिला आणि पत्र्याच्या खालून फिरवल्या.

दुपारी ४:००

लॅपटॉपवर मिशन प्लॅनर, ड्रोनच्या मांडणीचं सॉफ्टवेअर. जीपीएसचा प्रकार ‘आपोआप’वर होता, त्यानं स्वतःच ओळखला. यादीत दोन कंपास दिसले, एक नळीवरचा आणि एक पिक्सहॉकच्या पोटातला. पोटातला तर तारांच्या मांडीवरच बसलेला. त्याची खूण काढून टाकली. घरात ओरडणारा एक असला की बास.

आता कॅलिब्रेशन. ड्रोन हातात घेऊन सहाही बाजूंनी फिरवायचा: सरळ, पालथा, नाक वर, नाक खाली, डावी कूस, उजवी कूस. आमची आजी बाळाला अंघोळ घालताना फिरवायची तसा. बाकापाशीच उभा राहून फिरवला. हिरवी पट्टी शेवटाला गेली आणि मी खूश. जिन्यात जाऊन ड्रोनचं नाक समोरच्या देवळाकडं धरलं, तर स्क्रीनवर ते चाळीस अंश ढळलेलं.

माझ्या पाठीशी लोखंडी बाक, बाकाखाली सहा स्टेटर. ड्रोनवरचं लोखंड ड्रोनसोबत फिरतं, म्हणून कॅलिब्रेशन त्याचा हिशोब धरू शकतं. बाक जागेवरच राहतो, त्याचा हिशोब धरता येत नाही. मग गच्चीवर गेलो. तिथं थोडं बरं झालं, पण स्लॅबमध्ये सळ्या. दुकानात लोखंड, घरात लोखंड.

“माळावर चला मामा. आणि मोबाइल, किल्ल्या गाडीत ठेवा.”

सायंकाळी ५:१५

माळ मोकळा. हा भाग सरकारच्या ड्रोन नकाशावर हिरव्या पट्ट्यात येतो. ड्रोन दोन किलोच्या आतला, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सूक्ष्म वर्गातला. छंदासाठी पायलटचा दाखला लागत नाही. १२० मीटरच्या खाली आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचा.

कॅलिब्रेशन पहिल्या फेरीतच बसलं. नाक देवळाच्या कळसाकडं धरलं, स्क्रीनवरही तिकडंच. आपल्याकडं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जेमतेम अंशाभराचा, तोही सॉफ्टवेअर जागा बघून स्वतः भरून घेतं.

उपग्रह मोजले. जुन्यावर सकाळी बारा होते, आता चोवीस. उपग्रहांचा पसारा किती चांगला ते दाखवणारा आकडा, जो कमी तितका बरा, १.१ वरून ०.६ वर आला होता. पैसे इथं दिसले.

मग सकाळचीच चाचणी. पंखे उलटे, फळी, थ्रॉटल. आकडा आला ७.

मी वस्तू आवरायला लागलो, तर भाचा जागचा हलेना. “मामा, जुनाच वर चढवून बघायचा का? त्यांनी अलिबागला दोन वर्षं बघितलं म्हणता, आपण दहा मिनिटं बघू.”

नाही म्हणता येईना. जुन्याचे प्लग तर थेट बसणारे होते. नवा काढला, जुना त्याच नळीवर टेपनं बांधला, पुन्हा थ्रॉटल वाढवला.

आकडा ९.

दोघंही काही बोललो नाही. पंधरा दिवस ज्याला खराब म्हणून शिव्या घातल्या, तो कंपास धडधाकट होता. त्याला जे ऐकू येत होतं तेच तो सांगत होता. त्याला ट्रामच्या रुळावर मी बसवला होता.

सायंकाळी ६:१०

नवा पुन्हा चढवला आणि पंखे सरळ केले. ऊन बेदाणा शेडच्या हिरव्या जाळ्यांवरून उतरत होतं. ड्रोन दोन पुरुष उंच नेऊन लॉयटरला टाकला आणि स्टिक सोडल्या. श्वास मीच धरला होता.

थांबला. वाऱ्याची एक झुळूक आली तसा झुकला, परत आला. दोन हातांच्या चौकटीत, खुंटीला टांगल्यासारखा. शंभर मीटरवर नेऊन ‘घरी ये’चा स्विच दाबला. आला, उंचीवर थबकला, सरळ खाली उतरला आणि अंथरलेल्या गोणपाटाच्या कडेवर दोन पाय ठेवून बसला. सकाळी तो ज्या दिशेला गेला होता त्या बाभळीवर आता बगळे उतरत होते.

रात्री ८:३०

दुकान बंद करण्याआधी लॉग उघडला. चुंबकीय जोराची रेघ ४१५ वर जवळजवळ सपाट. थ्रॉटलची रेघ तिच्याखाली एकटीच उड्या मारत होती.

जुना जीपीएस भाच्याला दिला, त्याच्या थर्मोकोलच्या विमानासाठी. “तारांपासून लांब बसव,” एवढं सांगितलं. हसला. सांगायची गरज नव्हती.

मग सवयीनं जॉब-वही ओढली. सकाळच्या ‘सिंगल फेज’खाली नवी ओळ घातली. गिऱ्हाईक: स्वतः. दोष: तारेशेजारी बसवला होता. काम: सहा इंच वर. चौथ्या रकान्याशी पेन थांबलं. जीपीएसचे अडीच हजार लिहावेत की नळीचे चाळीस? खांद्यावरून बायको वाकून बघत होती. मी चाळीस लिहिले.